गुन्हेगार एक की दोन?

समजा, स्वयंपाकघरात दुधाचे पातेले रिकामे पडले आहे आणि जवळच मांजर बसले आहे. दूध कोणी प्यायले? तुम्ही लगेच मांजराकडे बोट दाखवाल. पण हे मांजर रोजच तिथे बसत असेल तर? दूध उतू गेले असेल, किंवा पातेल्याला भोक पडले असेल, तर? मांजर जवळ सापडले एवढ्यावरून त्याला दोषी धरता येणार नाही. असेही असू शकेल, की थोडे दूध मांजराने प्यायले आणि थोडे गळून गेले!

डॉक्टरांपुढे असाच एक पेच आफ्रिकेतील मलावी या देशात अनेक वर्षे उभा आहे. तिथला प्रश्न मात्र दुधाचा नाही, लहान मुलांच्या प्राणांचा आहे. हा पेच कोणता आणि तो सोडवण्यासाठी शास्त्रज्ञांनी काय काय केले, ते आज आपण पाहू या.

ब्लँटायरचे रुग्णालय

नकाशा उघडा आणि आफ्रिका खंडाच्या आग्नेय भागात पाहा. एका लांबट सरोवराच्या काठाने पसरलेला चिंचोळा देश दिसेल. तोच मलावी. त्याच्या दक्षिण भागात ब्लँटायर नावाचे मोठे शहर आहे. तिथल्या क्वीन एलिझाबेथ मध्यवर्ती रुग्णालयात पावसाळा सुरू झाला, की तापाने फणफणलेल्या मुलांची रीघ लागते. त्यांपैकी काही मुले बेशुद्धच असतात. काल संध्याकाळपर्यंत अंगणात खेळणारे तीन वर्षांचे मूल आज आईच्या हाकेला ओ देत नाही, त्याला आकडी येते, डोळे एका जागी स्थिरावतात.

रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की तांबड्या पेशींमध्ये हिवतापाचे जंतू दिसतात. मग निदान होते – मेंदूचा हिवताप. हिवतापाच्या सर्व प्रकारांत हा सर्वांत भयंकर. उत्तम उपचार मिळूनही यातली काही मुले दगावतात, आणि वाचलेल्यांपैकी काहींना पुढे फेफरे येते किंवा अभ्यासात मागे पडावे लागते.

जंतू मेंदूत शिरतो का?

हिवतापाचा जंतू १८८० साली आल्फोन्स लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरने अल्जीरियात प्रथम पाहिला. तो डासाच्या पोटात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली आपल्या सिकंदराबादेत दाखवून दिले, हे तुम्ही वाचले असेलच. या जंतूच्या काही जाती माणसाला आजारी पाडतात. त्यांतली ‘प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम’ ही सर्वांत घातक.

अ‍ॅनॉफिलीस जातीची डासाची मादी चावली, की तिच्या लाळेबरोबर जंतू आपल्या रक्तात उतरतात. तिथून ते थेट यकृत गाठतात. सुमारे आठवडाभर तिथे गुपचूप वाढून मग हजारोंच्या संख्येने बाहेर पडतात आणि तांबड्या पेशींत घुसतात. एका पेशीत शिरलेला एक जंतू सुमारे ४८ तासांत पेशी फोडून सोळा किंवा त्याहून अधिक जंतूंच्या रूपाने बाहेर येतो. त्यांतले बरेच मरतात, पण उरलेले नव्या पेशी शोधतात आणि चक्र पुन्हा सुरू होते.

आता गंमत पाहा. आपल्या शरीरात प्लीहा नावाचे एक इंद्रिय आहे. ते रक्त गाळते आणि बिघडलेल्या तांबड्या पेशी बाजूला काढते. जंतू प्लीहेच्या हाती सापडला तर त्याचे काम तमाम! म्हणून फाल्सिपेरम एक युक्ती करतो. तो ज्या पेशीत राहतो तिच्या पृष्ठभागावर बारीक बारीक गाठी उगवतात. या गाठींवर एक चिकट प्रथिन असते. कपड्याला कुत्र्याचे गवत चिकटते ना, तशी ही पेशी बारीक रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसते. ती वाहतच नाही, मग प्लीहेपर्यंत जाणार कशी?

मेंदूतल्या केशवाहिन्यांत अशा पेशी दाटीवाटीने चिकटल्या, की रक्ताला वाट राहत नाही. वाहिनीची भिंत दुखावते, तिच्यातून पाणी पाझरते आणि मेंदू सुजतो. ध्यानात ठेवा, जंतू मेंदूच्या पेशींत शिरत नाही. तो रक्तवाहिनीच्या आतच असतो. शेतात पाऊल न टाकता पाटाचे पाणी अडवून पीक सुकवावे, तसा हा प्रकार आहे.

सूज एवढी घातक का? मेंदू कवटीच्या कठीण पेटीत बंद आहे. तो फुगला तर त्याला सरकायला जागा नाही. तो खाली दाबला जातो, आणि खालच्या बाजूलाच श्वास चालवणारे केंद्र आहे. ब्लँटायरच्या रुग्णालयात मेंदूचे चित्र घेणारे एमआरआय यंत्र आल्यावर अशा १६८ मुलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांतली २५ मुले दगावली, आणि त्या २५ पैकी २१ मुलांचा मेंदू फार सुजलेला होता. वाचलेल्या मुलांत एवढी सूज चौघांत एकाला होती.

मोजपट्टी बेशुद्धीची

बेशुद्धी किती खोल आहे, हे कसे मोजायचे? मोठ्या माणसांसाठी १९७४ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात एक मोजपट्टी तयार झाली. पण तिच्यात रुग्णाला बोलायला सांगावे लागते. वर्षभराचे मूल काय बोलणार? म्हणून माल्कम मॉलिन्यू आणि टेरी टेलर या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह लहान मुलांसाठी वेगळी मोजपट्टी केली. ती १९८९ साली प्रसिद्ध झाली. तिला ब्लँटायर मोजपट्टी म्हणतात.

ती अगदी सोपी आहे. मूल आईच्या चेहऱ्याकडे पाहते, नजर फिरवते, तर १ गुण. नीट रडते, तर २ गुण. नुसते कण्हते, तर १. दुखावल्यास हात नेमका दुखऱ्या जागी नेते, तर २; फक्त हात-पाय आखडून घेते, तर १. एकूण गुण ५. दोन किंवा त्याहून कमी गुण मिळाले, तर मूल गंभीर बेशुद्धीत आहे असे समजायचे. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. आफ्रिकेतल्या छोट्या दवाखान्यांतही ती वापरता येते.

पण जंतू तर सगळ्यांतच!

इथपर्यंत सारे सरळ वाटते. बेशुद्ध मूल, रक्तात जंतू, दुसरे कारण दिसत नाही – म्हणजे मेंदूचा हिवताप. पण आपले मांजर आठवा! ते रोजच स्वयंपाकघरात बसत असेल तर?

मलावीसारख्या देशात तसेच घडते. तिथल्या मुलांना लहानपणापासून पुन्हा पुन्हा डास चावतात. हळूहळू त्यांच्या शरीरात थोडी प्रतिकारशक्ती येते. ती जंतूंना पुरते मारत नाही, पण फार वाढूही देत नाही. त्यामुळे शाळेत जाणाऱ्या, उड्या मारणाऱ्या धडधाकट मुलाच्या रक्तातही जंतू सापडतात. असे मूल दुसऱ्याच आजाराने बेशुद्ध झाले तरी रक्त तपासल्यावर हिवतापच दिसणार!

ही शंका खरी आहे का? टेरी टेलर यांच्या गटाने दगावलेल्या मुलांच्या आईवडिलांची संमती घेऊन मृत्यूनंतर शरीराची तपासणी केली. ज्यांनी दुःखाच्या अशा घडीला ‘इतर मुलांचे तरी भले होऊ द्या’ म्हणून संमती दिली, त्यांचे ऋण मोठे आहे. हे काम २००४ साली प्रसिद्ध झाले. मेंदूचा हिवताप म्हणून नोंदलेल्या ३१ मुलांपैकी ७ मुलांच्या मेंदूतील केशवाहिन्यांत चिकटलेल्या पेशी नव्हत्याच. त्यांचा मृत्यू दुसऱ्याच कारणांनी झाला होता. म्हणजे जवळजवळ चारांत एक निदान चुकले होते. हे डॉक्टर निष्णात होते. चूक त्यांच्या कौशल्याची नव्हती; काचपट्टीवरचा जंतू सगळी हकीगत सांगत नाही, हे तिचे कारण होते.

डोळा – मेंदूची खिडकी

याच तपासणीतून एक मोलाची खूण हाती लागली. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल असते. गर्भात ते मेंदूच्याच भागापासून तयार होते आणि त्याच्या रक्तवाहिन्याही मेंदूतल्यासारख्याच असतात. जंतूने भरलेल्या पेशी मेंदूत चिकटल्या असतील, तर त्या दृष्टिपटलातही चिकटतात. मग तिथे पांढुरके डाग पडतात, वाहिन्यांचा तांबडा रंग फिका होतो आणि बारीक रक्तस्राव दिसतात. मूल जिवंत असताना दिसणाऱ्या खुणांपैकी खरा मेंदूचा हिवताप आणि दुसऱ्या कारणाने आलेली बेशुद्धी यांच्यातला फरक सांगणारी खूण ही एकच ठरली. डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी करायची आणि छोट्या उपकरणाने आत डोकवायचे. कवटी न उघडता मेंदूच्या वाहिन्यांची हालहवाल कळते!

दुसरा संशयित – विषाणू

मग ज्या मुलांच्या बेशुद्धीला हिवताप पुरेसे कारण नाही, तिथे आणखी कोण असेल? संशयितांच्या यादीत विषाणू वरच्या क्रमांकावर येतात. विषाणू हिवतापाच्या जंतूपेक्षा कितीतरी लहान असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नाहीत. म्हणून काचपट्टीवर ते कधी सापडलेच नाहीत.

मलावीचे डॉक्टर मॅकफर्सन मल्लेवा, इंग्लंडमधील लिव्हरपूलचे टॉम सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूंचा कसून शोध घ्यायचे ठरवले. मार्च २००२ ते ऑगस्ट २००४ या काळात ब्लँटायरच्या त्याच रुग्णालयात आलेली ५१३ मुले त्यांनी अभ्यासली. या सर्वांच्या मेंदूला आजार झाल्याची लक्षणे होती, पण तो जिवाणूंमुळे झालेला दिसत नव्हता.

मेंदू आणि पाठीचा कणा यांच्याभोवती स्वच्छ पाण्यासारखा द्रव असतो. कमरेजवळ कण्यात बारीक सुई घालून त्याचे थोडे थेंब काढता येतात. विषाणू मेंदूत शिरला असेल तर त्याची जनुकद्रव्ये या थेंबांत सापडू शकतात. ती अत्यल्प असतात; म्हणून ‘पीसीआर’ नावाची पद्धत वापरतात. २०२० साली आलेल्या करोनाच्या साथीत हे नाव घरोघरी पोचले. या पद्धतीत हव्या त्या जनुकखंडाची एकाची दोन, दोनाची चार अशी दुप्पट दुप्पट नक्कल केली जाते. तीस वेळा दुप्पट केले तर एकाचे किती होतील? कागदावर करून पाहा. उत्तर शंभर कोटींच्या वर जाईल!

तपासणीत काय दिसले? ५१३ पैकी १३३ मुलांच्या मेंदूच्या संस्थेत कुठला ना कुठला विषाणू होता. एकंदर १२ प्रकारचे विषाणू सापडले. सर्वांत जास्त, म्हणजे ४२ मुलांत, अ‍ॅडिनो विषाणू होता. शिवाय गालगुंडाचा विषाणू, नागिणीच्या कुळातले काही विषाणू, आतड्यात वाढणारे विषाणू आणि रेबीजचाही विषाणू होता.

आणि सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की डॉक्टरांनी ज्या ७८ मुलांना मेंदूचा हिवताप आहे असे म्हटले होते, त्यांतल्या २७ मुलांत विषाणूही होता. म्हणजे तिघांत एकाच्या शरीरात दोन आजार एकाच वेळी होते.

चार चौकटी

आता वही घ्या आणि एक मोठा चौकोन काढून त्याचे चार भाग करा. पहिल्यात ‘फक्त हिवतापाचा जंतू’, दुसऱ्यात ‘फक्त विषाणू’, तिसऱ्यात ‘दोन्ही’ आणि चौथ्यात ‘दोन्ही नाहीत’ असे लिहा. आता आकडे भरू या.

पहिल्या चौकटीत ११८ मुले. त्यांतली ७ दगावली. दुसऱ्या चौकटीत ८८, दगावली २६. तिसऱ्या चौकटीत ४५, दगावली १७. चौथ्या चौकटीत २६२, दगावली ४४. बेरीज करून पाहा. मुले ५१३ आणि मृत्यू ९४ यायला हवेत.

आता शेकडेवारी काढा. फक्त जंतू असलेल्यांत शेकडा ६ मृत्यू. फक्त विषाणू असलेल्यांत शेकडा ३०. आणि दोन्ही असलेल्यांत शेकडा ३८! आकडी येण्याचे प्रमाणही दोन्ही असलेल्या मुलांत सर्वांत जास्त होते.

प्रत्येक आकड्यामागे कोणाचे तरी एक मूल आहे, हे विसरू नका. म्हणूनच त्यांचा अर्थ लावताना घाई करून चालत नाही.

‘दोन्ही मिळून मूल मारतात’ असे या आकड्यांवरून ठामपणे म्हणता येईल का? जरा थांबा. नागिणीच्या कुळातले काही विषाणू लहानपणी शरीरात शिरतात आणि जन्मभर निपचित पडून राहतात. शरीर दुसऱ्या कारणाने खंगले, की ते डोके वर काढतात. अशा वेळी विषाणू हा कारण नसून आजाराचा परिणाम असू शकतो. उलट असेही शक्य आहे, की हिवतापाने रक्तवाहिन्यांच्या भिंती दुखावल्या आणि एरवी बाहेरच अडणाऱ्या विषाणूला मेंदूची वाट मोकळी झाली. किंवा दोघेही आपापल्या परीने मेंदूला सूज आणत असतील, आणि एकावर एक असा भार वाढत असेल. या तीनही शक्यता शास्त्रज्ञ तपासत आहेत. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून त्यांतली एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा विज्ञानातला पहिला धडा इथे उपयोगी पडतो.

पिसाळलेल्या कुत्र्याचा धक्का

याच रुग्णालयातून २००७ साली आणखी एक निष्कर्ष आला. मेंदूच्या हिवतापाने दगावली असे समजलेल्या २६ मुलांपैकी ३ मुलांना प्रत्यक्षात रेबीज झाला होता! काही मुलांत रेबीजची नेहमीची लक्षणे नव्हती. पाण्याची भीती नाही, चवताळणे नाही, नुसती बेशुद्धी. खरे कारण मृत्यूनंतरच समजले.

याचा बोध आपल्यालाही घेण्यासारखा आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण कुत्रा चावताच जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस घेणे सुरू केले, तर रोग टाळता येतो. घरी रागावतील म्हणून कुत्रा चावल्याचे लपवू नका. जखमेवर हळद, तिखट, चुना असले काही लावू नका.

मग उपचार कोणावर करायचे?

तुम्ही विचाराल, विषाणू असण्याची शक्यता आहे, मग हिवतापाचे औषध द्यायचे की नाही? द्यायचेच! रक्तात जंतू सापडला तर त्यावर ताबडतोब औषध दिलेच पाहिजे. थांबायला वेळ नसतो. पूर्वी यासाठी सिंकोना झाडापासून मिळणारे कोयनेल देत. २०१० साली आफ्रिकेतील ५,४२५ मुलांवरील मोठ्या चाचणीचे निकाल आले. कोयनेल दिलेल्यांत शेकडा १०.९ मुले दगावली, तर आर्टेसुनेट हे नवे औषध टोचलेल्यांत शेकडा ८.५. तेव्हापासून आर्टेसुनेट पुढे आले. ते ज्या मूळ द्रव्यापासून बनते, ते एका चिनी वनस्पतीतून शोधून काढणाऱ्या तू यूयू या विदुषीला २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र हिवतापाचे औषध दिले म्हणजे काम संपले, असे नाही. डोळा पाहावा, कण्यातील पाणी तपासावे, दुसरे कारण शोधत राहावे. नागिणीच्या कुळातल्या काही विषाणूंवर औषध आहे; ते वेळेवर मिळाले तर मूल वाचू शकते. अडचण एवढीच, की पीसीआरची सोय आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांत नसते. स्वस्त आणि झटपट चाचणी कोणी शोधली, तर हजारो आईबाप तिला दुवा देतील.

आपल्याकडे उलट बाजूचे उदाहरण आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात १९६५ साली तापाच्या रुग्णांत एक नवा विषाणू सापडला. पुण्याच्या विषाणू संस्थेने तो ओळखला. २००३ साली आंध्र प्रदेशात ताप, आकडी आणि बेशुद्धीची साथ आली. ३२९ मुले आजारी पडली, १८३ दगावली. वाळूमाशीतून पसरणारा हाच विषाणू त्या साथीत सापडला. विदर्भाच्या गडचिरोलीसारख्या भागात फाल्सिपेरम हिवतापही होतो. म्हणून तापात बेशुद्ध झालेल्या मुलाबाबत आपल्या डॉक्टरांनाही दोन्ही बाजूंना नजर ठेवावी लागते.

दार बंद करणे बरे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे मेली. त्यांतली शेकडा ९५ आफ्रिकेत, आणि तिथेही बहुतेक पाच वर्षांखालील मुले.

चोर पकडत बसण्यापेक्षा दाराला कडी घालणे सोपे. हिवतापाची पहिली लस नेहमीच्या लसीकरणात द्यायला एप्रिल २०१९ मध्ये सुरुवात झाली ती मलावीतच. दुसरी लस ऑक्सफर्ड विद्यापीठात तयार झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. ती बनते आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये! गालगुंड आणि रेबीज यांवर तर लसी पूर्वीपासूनच आहेत. दोन संशयितांपैकी एकाला जरी दाराबाहेर ठेवता आले, तरी दुसऱ्याला ओळखणे सोपे होईल.

आपण काय करावे? मच्छरदाणीत झोपावे. घराभोवती पाणी साचू देऊ नये. ताप आला तर अंगावर न काढता रक्त तपासून घ्यावे. आणि तापात मूल गुंगीत जाऊ लागले, हाक मारूनही जागे होईना किंवा त्याला आकडी आली, तर अंगारे-धुपारे करत न बसता त्याच घटकेला दवाखाना गाठावा. आजार एक असो की दोन, लवकर पोचलेल्या मुलाला वाचवण्याची संधी अधिक असते.